न टाकलेला पास

खेळाडूंची क्रमवारी जाहीर झाली आणि नील करंदीकर दुसऱ्या क्रमांकावरून थेट तळाला गेला. तो अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव रचून चेंडू फेकणारा गडी. कालच्या सामन्यात त्याचा एकही पास वाया गेला नव्हता.

"न टाकलेल्या पासचे गुण कापलेत," प्रशिक्षक फ्रँक म्हणाले. या मोसमापासून गुण देणारं यंत्र न घडलेल्या गोष्टीही मोजू लागलं होतं. "झेल घ्यायला टायलर मोकळा होता. तू चेंडू धरून बसलास."

"मागून त्यांचे दोन गडी त्याच्या अंगावर येत होते." नीलचा आवाज चढला.

"यंत्रालाच विचारू."

पडद्यावर तो न टाकलेला पास सुटला. टायलरने अलगद झेलला. पुढच्याच क्षणी दोघं त्याच्यावर आदळले, मान मोडली आणि तो पडला तो हललाच नाही. खाली हिरवी अक्षरं उमटली: झेल पूर्ण, गुण शंभर.

खरा टायलर नीलच्या शेजारीच बसला होता. त्याचा हात आपसूक मानेवर गेला.

"बघितलंस?" फ्रँक म्हणाले. "पुढच्या वेळी टाकायचा."

नीलने हेल्मेट त्यांच्या मांडीवर आदळलं.

"टाकतो. टायलरच्या जागी तुम्ही धावा."