ग्रुपवर शिवी चालत नाही

बबलू ठेकेदारानं शटर आतून खाली ओढलं, तेव्हा बुद्धभूषण आपल्या मोबाईल-दुरुस्तीच्या दुकानात स्वतःचाच फोटो बघत होता. फोटोला हार, पुढे पणती, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुकताच पडलेला.

गावातल्या नव्या रस्त्याचं डांबर बोटानं पापडासारखं उचलून त्यानं व्हिडिओ टाकला होता. काम बबलूचं होतं. फेसबुकवर आईबहिणीवरून शिव्या आल्या. इन्स्टाग्रामवर बबलूच्या पोरांनी गाणं लावून तलवार फिरवली. बुद्धभूषण बी.एस्सी. झालेला, त्यानं दोन्हीकडचे पुरावे जपून ठेवले. निर्धास्त होता तो फक्त गावाच्या ग्रुपवर. तिथं रामकिसन गुरुजी ॲडमिन. कुणी अरे-तुरे लिहिलं तरी बाहेर.

“हे तू टाकलं?” त्यानं मोबाईल बबलूपुढं धरला.

“त्याच्यात शिवी हाय का एखादी?” बबलूच्या हातात गज होता. “गुरुजींनी बी हात जोडले बघ.”

खरंच जोडले होते. त्यांच्याखाली अख्ख्या गावानं. फोटो न उघडताच, नेहमीसारखे.

“व्हिडिओ काढून टाक. जल्दी.”

“न्हाई काढत. डांबर निघालं का न्हाई, ते सांग!”

पहिला गज खांद्यावर बसला. दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज त्याला आधी ऐकू आला, कळ मागून आली. तो काउंटरच्या काचेवर कोसळला, काचेसकट खाली आला. रक्तानं एक डोळा मिटला. डाव्या हातानं मोबाईल ओढून तो ग्रुपवर ओरडला, “मी जित्ता हाय! बबलू मला मारून राह्यला, दुकानात या—”

आवाज ग्रुपवर गेला. गुरुजींनी तो न ऐकताच पुसला आणि लिहिलं, ‘दुःखाच्या प्रसंगी ग्रुपवर वाद नकोत. कृपया शिस्त पाळावी.’

बबलूनं त्याच्या छातीवर बूट रोवला. तेवढ्यात दोघांचेही मोबाईल वाजले. गावातल्या कडूबा काकांचा मेसेज होता: ‘फार वाईट झालं. आम्ही वाटूरला आहोत. माती किती वाजता?’

बबलूनं गज काखेत धरला, रक्ताचा अंगठा पँटला पुसला आणि सावकाश लिहिलं, ‘कळवतो, काका.’

शेवटी हात जोडले.