तळ्यावरचा निळा धूर

"अजून खाली धरा, काका," फोटोग्राफर प्रणय ओरडला. "धूर पाण्यावरून निघाल्यासारखा दिसला पाहिजे."

पाणी नव्हतंच. शेततळ्याच्या तळाशी प्लास्टिकची काळी पन्नी होती, तीही उन्हानं जागोजाग फाटलेली. मल्हारी त्या पन्नीवर उकिडवा बसून निळ्या धुराचा डबा धरून होता. वर काठावर त्याचा मुलगा अंगद नवरदेवाचा कोट घालून घामाघूम होत हसत होता. हसण्यासारखं काही नव्हतं, पण फोटोत हसायचं असतं.

मंजुळाबाई बाभळीखाली उभी राहून लेकाकडं बघत होती. सुपारी फुटली तेव्हा हे तळं काठोकाठ भरलेलं होतं. मुलीचा बाप रामकिसन शहरातून आला, तळं डोळे भरून बघितलं आणि म्हणाला, पाण्याच्या घरीच लेक द्यायची होती. मग त्याची आई वारली, वर्षभर लग्न लांबलं, आणि त्याच वर्षी पावसानं तोंड फिरवलं. आता कन्नड तालुक्यातल्या बिनपाण्याच्या गावात कुणी मुलगी द्यायला तयार नव्हतं. हे लग्न मोडलं तर अंगद तसाच राहणार, हे मंजुळाबाईला पक्कं ठाऊक होतं. त्यात रामकिसननं निरोप धाडलेला : नवरदेवाचा तळ्यावरचा फोटो पाहिजे, कार्यालयात पडद्यावर दाखवायचाय.

लग्नाआधी नवरीनं सासरच्या शिवारात पाय ठेवायचा नाही, ही दोन्ही घरांची रीत. म्हणून प्रणय दोघांचे फोटो वेगवेगळे काढून एकत्र जोडणार होता.

"तिचा काढला का?" मंजुळाबाईनं विचारलं.

"कालच. त्यांच्या दारात."

त्यानं मोबाइल पुढं केला. हिरव्या शालूतली ज्ञानेश्वरी गळ्यापर्यंत निळ्या धुरात होती. मागं दाराची चौकट तेवढी दिसत होती.

"अगं बया, घर सगळं धुरातच गेलं की. दोन मजली हाय त्यांचं."

"काकू, दोन्हीकडं सारखाच धूर लागतो. नाहीतर जोड दिसतो."

मंजुळाबाईला ते पटलं. तिनं आवाज खाली आणला. "तळ्याचं तिकडं बोलू नको बाबा."

"मी एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगत बसलो, तर माझ्या औरंगपुऱ्यातल्या स्टुडिओला कुलूप लागेल," प्रणय म्हणाला आणि कॅमेऱ्यात डोकं घातलं.

मल्हारी खोकत वर आला. मिशा निळ्या झाल्या होत्या. दुसरा दिवस असता तर बायकोनं त्याची यथेच्छ टिंगल केली असती.

"ही फसवणूक हाय," तो म्हणाला.

"व्हय, हाय. मग पोराला बिनलग्नाचं ठेवता का?"

"अन् पोरीनं येऊन बघितल्यावर?"

"ती इथं ऱ्हातीया कशाला? खालच्या दोन खोल्या जावयाला देईन म्हणलेत पाव्हणे. घरात नळ हाय. अंगद कंपनीत लागंल. मागनं आपण जाऊ."

"सोयऱ्याच्या दारात ऱ्हायचं?"

"अन् इथं कुणाच्या दारात? टँकरच्या?"

मल्हारीनं मिशांवरचा निळा रंग पुसला. मागच्याच बाजारात त्यानं सगळ्या मेंढ्या विकल्या होत्या. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

लग्न शहरातल्या कार्यालयात लागलं. पडद्यावर अंगद आणि ज्ञानेश्वरी एकाच निळ्या ढगात, तळ्याच्या काठावर उभे दिसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रामकिसन मात्र एकटक बघत राहिला आणि त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. मंजुळाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भल्या माणसाचा गळा कापला आपण, असं तिला वाटलं, आणि तरी तिनं हसून विहिणीच्या हातातला पेढा घेतला.

दुसऱ्या दिवशी देवाला नारळ वाढवून येताना ज्ञानेश्वरीला तळं दिसलं. ती काठावर मटकन बसली. कुणावर चिडली नाही, काही विचारलं नाही, नुसती त्या फाटक्या पन्नीकडं बघत राहिली.

मंजुळाबाईनं तिला जवळ घेतलं. "चुकलं आमचं, पोरी. पण तू घाबरू नको. इथं कुठं ऱ्हायचंय आपल्याला? आठ दिवसांत तुझ्या माहेरी जाऊ सगळे."

हे ऐकून पोरीनं हंबरडा फोडला. मंजुळाबाईला काही समजेना. ती सुनेची पाठ चोळत राहिली.

सुनेला धरून ती घरी पोचली, तोच रुखवताचा टेम्पो दारात आला. अंगद आणि मल्हारी सामान उतरवायला धावले. कपाट उतरलं, पलंग उतरला. मग जुनी भांडी, अंथरुणं, रिकामे ड्रम, देवघर. सगळ्यात शेवटी देवांचं गाठोडं छातीशी धरून विहीण कडूबाई उतरली, आणि तिच्या मागं रामकिसन.

"लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणत्यात, विहीणबाई," तो हात जोडून म्हणाला. "पण रस्ता रुंद करताना आमचं घर पाडलं. आता तुमच्याच तळ्यावर जगायचं."