उद्यापुरतं ओळखपत्र

कॉलेजचे संचालक विवेक सर एरवी प्रिंटरकडे फिरकतही नसत. आज मात्र ते ऑफिसचं दार लोटून थेट पौर्णिमाच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली.

प्रिंटरच्या ट्रेमध्ये एका वेळी दोनच कोरी प्लास्टिक कार्डं बसायची. ती बसवायची, सरांनी पाठवलेल्या फाइलमधून छापायची, काढायची, पुन्हा दोन. मान मोडून काम चाललं होतं, पण डोळे काही गप्प बसेनात.

"नावं काऊन वाचून राह्यली? छाप फक्त," सर म्हणाले.

न वाचून कसं चालेल? सावंगीच्या वाटेवरच्या या नर्सिंग कॉलेजात ती वर्षभर कारकुनी करत होती. इथले सगळे शिक्षक तिला ठाऊक. मग ही नवी मंडळी कोण? प्रत्येकाच्या फोटोखाली 'अधिव्याख्याता' आणि विषय. आणि ही तर सिंदीची वर्षाली. हिचं साड्यांचं दुकान. बाई बालरोग कधीपासून शिकवायला लागली?

"सर, ह्या मॅडम आपल्या कॉलेजच्या हायेत?"

"उद्या तपासणी हाय. समितीवाले शिक्षक मोजतेत. समजलं ना?"

समजलं, चांगलंच समजलं. पुढची जोडी बाहेर आली. एका कार्डावर तिचाच फोटो होता. पौर्णिमा थूल, अधिव्याख्याता.

हीच जागा तिनं मागितली होती. नर्सिंगची पदवी घेऊन ती आली, तेव्हा याच सरांनी सांगितलं होतं, जागा नाही, सध्या ऑफिसात बस. खोटं कशाला बोला, कार्ड बघून ती क्षणभर हरखलीसुद्धा. मग भानावर आली. उद्या हे उघडकीला आलं, तर तिची नर्सची नोंदणीच रद्द व्हायची. सरांचं काय जाणार होतं?

"तुले मास्तरीनच व्हाचं होतं ना? हो मंग," सर हसले. "उद्या चांगली साडी नेसून येजो."

"आन् परवा?"

"परवा कार्ड जमा करजो."

प्लास्टिक कागदासारखं शाई पीत नाही. कार्ड अजून ओलंच होतं. पौर्णिमानं ते उचललं आणि फोटोपासून नावापर्यंत सावकाश अंगठा ओढला.

"खराब झालं, सर."

"दुसरं काढ."

"तेबी असंच निघन," ती म्हणाली.