आधीचा कॅमेरा, नंतरचा कॅमेरा

“बाई, आज छोटा घ्या,” डॉक्टर दारातून नुसती मान आत घालून म्हणाले, आणि मान घेऊन गेलेसुद्धा.

छोटा म्हणजे नवा कॅमेरा, तळहातात मावणारा. समोर चेहरा आला की तो आपणहून कामाला लागायचा. डाग, खड्डे, सुरकुत्या पुसून गाल साबणाच्या वडीसारखा करून ठेवायचा. मोठा म्हणजे जुना डीएसएलआर. विटेसारखा जड, कडेचं रबर सुटलेला. त्याला लाडीगोडी ठाऊक नव्हती. गालावर असेल ते दाखवायचा, अगदी हनुवटीवरचे दोन केससुद्धा. त्वचेच्या या दवाखान्यात फोटोवाल्या बाई कामाला लागल्या तेव्हा त्यांना एकच नियम सांगितला होता: उपचाराआधीचा फोटो मोठ्याने, नंतरचा छोट्याने. त्या नियमाची मेख कळायला बाईंना महिना लागला. कळली त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच घरी परत गेला.

तरी वर्षभर त्या मूग गिळून बसल्या. त्यांनी काढलेल्या फोटोंच्या जोड्या बाहेरच्या खोलीत चौकटीत लागायच्या. त्याच बघून नवी माणसं यायची. त्या खोलीतून जाताना बाई फरशीकडे बघत चालायच्या. स्वतः नाक शिंकरलेल्या रुमालाने दुसऱ्याचं तोंड पुसावं, तसं काहीतरी वाटायचं.

आज स्टुलावर बसलेली मुलगी एकोणीस-वीसची होती. डाव्या गालावर जन्मापासूनची तपकिरी खूण, अंगठ्याएवढी. सहा महिन्यांपूर्वी तिचा ‘आधीचा’ फोटो बाईंनीच काढला होता. तेव्हा ती खूण गालावर निवांत पडलेली होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग औषध लावून तिथली साल काढायला सुरुवात झाली. एकदा, दोनदा, बारा वेळा. खूण आजही जागच्या जागी होती. भोवतालचं कातडं मात्र लाल, चिकट झालं होतं आणि कडेने पापुद्रे सुटले होते. मलमाचा गोडसर, करपट वास येत होता. बाईंनी कापसाने मलम टिपलं, तर कापसाबरोबर एक पापुद्रा निघून आला. मुलीने गाल तसाच पुढे धरून ठेवला.

बाईंनी तो कापूस चिमटीत धरून टोपलीत टाकला. किळस गालाची नव्हती. शेजारच्या खोलीत डॉक्टर कुणाशी तरी फोनवर खदखदून हसत होते, त्या हसण्याची होती.

मुलीची आई डोकावली. “नीट काढा हं ताई, गालच मुख्य आहे. आणि तू हसू नकोस गं, ताणलं जाईल.” दार लोटून ती परत बाहेर जाऊन बसली.

हाताच्या सवयीने बाईंनी छोटा उचलला. फोटो निघाला. पडद्यावर दुकानातल्या बाहुलीसारखी एक मुलगी आली. खूण जेमतेम सावलीएवढी. बटण दाबणाऱ्या स्वतःच्याच बोटाची बाईंना शिसारी आली. त्यांनी तो कॅमेरा टेबलावर ठेवला, मोठा घेतला, गालाजवळ नेला आणि दुसरा फोटो काढला. एकूण एक पापुद्रा त्यात आला. नोकरी गेली तर गेली, त्यांनी मनाशी म्हटलं. याआधी पासपोर्टचे फोटो काढून आपण जेवतच होतो की.

त्यांनी दोन्ही कॅमेरे मुलीपुढे धरले. “हा डॉक्टरांना हवा असलेला गाल. आणि हा तुझा. हा दुसरा मी आत्ता तुझ्या आईला दाखवणार आहे. इथे काय चाललंय ते कळू दे त्यांना.”

मुलीने दोन्ही पडदे नीट बघितले. मग म्हणाली, “नको मावशी.”

“घाबरतेस कशाला? आई आहे ती तुझी. हा गाल बघितल्यावर—”

“रोज बघते की. मलम तीच लावते.”

बाईंनी मोठा कॅमेरा खाली घेतला.

“ती म्हणते, आपल्याला काय कळतंय, फोटोत येईल ते खरं. हा बघितला तर म्हणेल, अजून गुण आला नाही, आणखी सहा वेळा करून घेऊ. याच्या आधीच्या दोन डॉक्टरांकडे हेच झालं.” तिने छोट्या कॅमेऱ्याला बोट लावलं. “हा दाखवा. ह्याच्यात मी बरी झालेय.”

“आणि घरी गेल्यावर खूण दिसेलच ना तिला?”

“नाही दिसणार. बरं झालेलं बघायचंय तिला, कधीचं. एकदा कुणीतरी सांगायला पाहिजे.” मुलीने हळूच ओठ आवळले. “मला ती खूण त्रास नाही देत, मावशी. कधीच नव्हती देत.”

बाईंनी मोठ्या कॅमेऱ्यातला फोटो उघडला. एवढा स्वच्छ फोटो त्यांनी वर्षभरात काढला नव्हता. त्यांनी तो पुसून टाकला. मग छोटा कॅमेरा घेऊन त्या बाहेरच्या खोलीत गेल्या, आणि आतल्या डॉक्टरांनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हे बघा, गाल अगदी बरा झालाय. आता पुढे काहीसुद्धा करायला नको.”

मुलीच्या आईने कॅमेरा दोन्ही हातांत घेतला आणि तिचे डोळे भरून आले. रांगेतल्या तीन आयांनी माना वर केल्या, आणि शेजारी बसलेल्या आपापल्या मुलींचे गाल न्याहाळायला लागल्या.