पाचवी उडी

पाचव्या उडीसाठी योरिन्दे शिडी चढायला लागली आणि मध्येच थांबली. दम खाल्ला, मग पुढे चढली.

तेहेतीस वर्षांची बाई. उजव्या खांद्यावर पट्ट्याच पट्ट्या. खाली बाकावर बसलेल्या मुली तिच्या निम्म्या वयाच्या. आइंडहोवन शहरातल्या पोहण्याच्या तलावावर फळीवरून सूर मारणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघाची निवड चालली होती आणि तीन मीटरच्या फळीसाठी जागा एकच होती. जी निवडली जाईल, तिची पुढची चार वर्षं ठरलेली: दोन वेळचा सराव, बर्फाच्या टबात पाय, परक्या गावांतली हॉटेलं. चार उड्यांनंतर योरिन्दे किंचित पुढे होती. पण अठरा वर्षांच्या लीझेलॉटची पाचवी, म्हणजे शेवटची उडी सुरेख झाली होती आणि आता तीच वरचढ होती.

योरिन्देला वॉबेने घडवलं. हा फ्रिसलंडचा उंच, वाकलेला म्हातारा तिला शाळकरी वयापासून शिकवत आला होता. त्याने तिला एकदा ऑलिंपिकला नेलं. तिथे ती पंधरावी आली. त्यानंतर गुडघा गेला, मग खांदा, मग पुन्हा तोच खांदा. प्रत्येक ऑपरेशननंतर वॉबे दवाखान्यात यायचा, खुर्ची ओढून बसायचा आणि विचारायचा, "कधी सुरू करायचं?" ती म्हणायची, "टाके निघाले की." वॉबेची बायको वारली होती. आता या तलावाशिवाय त्याला दुसरं काही नाही, असं सगळेच म्हणत.

शिडीपाशी त्याने विचारलं होतं, "काय म्हातारे, खांदा काय म्हणतो?"

"तू दमत नाहीस का रे कधी?"

"चढ आता. पंच थांबलेत."

फळीच्या टोकाशी जाऊन ती पाण्याकडे पाठ करून उभी राहिली. टाचा बाहेर, हात समोर. पलीकडे लीझेलॉट तोंडावर टॉवेल घेऊन बसली होती. तिला बघवत नव्हतं. योरिन्देला मात्र आज भीती वाटत नव्हती. काय करायचं ते तिने सकाळीच ठरवलं होतं, हातातला ब्रेड तसाच बशीत ठेवून.

फळी दबली, उसळली. छत फिरलं, पाणी फिरलं, पुन्हा छत. अडीच कोलांट्या. मग ती पाण्यात सरळ शिरली, शिंतोडाही उडाला नाही, वर नुसते चार बुडबुडे आले.

एकच जल्लोष झाला. फलकावर तिचं नाव सर्वांत वर गेलं. गेल्या कित्येक वर्षांत तिची अशी उडी झाली नव्हती. ती मात्र बराच वेळ पाण्याखालीच राहिली. बाहेर आली ती काठावर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

वॉबेने तिच्या पाठीवर टॉवेल टाकला. "रड, पोरी. असल्या दिवशी रडायचंच."

"वॉबे, मला ही उडी चुकवायची होती."

"काय?"

"मुद्दाम. पाठीवर पडायचं ठरवलं होतं मी. फळी सुटली आणि अंग आपलं आपणच फिरलं. मला चुकवताच आली नाही रे."

वॉबे हळूहळू तिच्या शेजारी ओल्या फरशीवर बसला. त्याची विजार भिजली. तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"कधीपासून थांबावंसं वाटतंय?"

"पहिल्या ऑपरेशनपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला कसं सांगणार? मी थांबले तर तू काय करणार? कुणासाठी येशील इथे?"

 वॉबेने निवड समितीच्या टेबलाकडे मानेने खूण केली. "जा. थांबतेय म्हणून सांग त्यांना. तोंडाने सांग. जागा त्या पोरीला मिळू दे."

"आणि तू?"

"माझ्या बहिणीने हार्लिंगनला समुद्राकडची खोली रिकामी ठेवलीय माझ्यासाठी," वॉबे म्हणाला. "तू कधी नको म्हणतेस, याची वाट बघत बसलो होतो मी इतकी वर्षं."