दारावरची ओली लुंगी

क्रियांगच्या पाठीवर विहारातल्या भंतेजींनी मंत्र फुंकून दोन वाघ गोंदले होते. आता सुरीही लागणार नाही, म्हणून तो मेकाँगकाठच्या पोरांशी भिडायला निघाला. सकाळपासून आत-बाहेर करणाऱ्या लमाईने, त्याच्या आईने, आपली नेसायची, धुतलेली ओली लुंगी घराच्या एकुलत्या एका दारावर वाळत घातली. बाईच्या लुंगीला हात लावला किंवा तिच्याखालून गेलं की गोंदणाचा मंत्र उतरतो.

"आई, काढ ते!"

"वाळू दे."

त्याच्या ओठांवर शिवी आली. पण आईला शिवी दिली तरी मंत्र उतरतोच. तो दातओठ खात बसला.

"पोरं भित्रा म्हणतील मला!"

"म्हणू देत." लमाईने वाळत आलेल्या लुंगीवर पुन्हा तांब्याभर पाणी ओतलं. "तुझ्या बापाचं प्रेत आणलं ना, त्याच्या पाठीवर चार वाघ होते."