नुसतं कट्टर

वैजनाथचं नाक मोडलं. अर्थात आईच्या लेखी तसं काही झालेलंच नाही. पट्टी सर्दीसाठी आहे, असं तो आईला सांगतो.

झालं असं, की नव्या मोटारसायकलवर त्याने रेडियमवाल्याकडून ‘कट्टर’ लिहून घेतलं.

“कट्टर काय, दादा? सगळे पुढे काहीतरी लिहितात.”

“नुसतं कट्टर. पुढचं नंतर ठरवू.”

“मग जागा सोडतो.”

“भरपूर सोड.”

तोवर चौकात त्याला कुत्रंही विचारत नव्हतं. आता तिथले दोन्ही वैरी गट त्याला आपलाच समजून चहा पाजू लागले, आणि तोही दोन्हीकडे गंभीरपणे मान डोलवू लागला. मग रविवारी दोन्ही गट एकाच टपरीवर आले.

“हा आमचा!”

“हट्, आमचा! तूच सांग रे, कशाचा कट्टर?”

वैजनाथने प्रामाणिकपणे विचार केला. “चहाचा.”

दोन्ही गटांचं आयुष्यात प्रथमच एकमत झालं आणि सगळ्यांनी वैजनाथला चोपलं.

त्याने पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे: “सबब, मी नेमका कशाचा कट्टर आहे याची चौकशी करून लेखी कळवावे, जेणेकरून पुढील मार एकाच बाजूकडून मिळेल, ही नम्र विनंती.”